लाडाचे चेंडू

वहिनीला नणंदेचा हेवा वाटत होता. हे आडवळणानं सांगण्यात काही अर्थ नाही, कारण तिनं स्वतःही ते स्वतःपासून कधी लपवलं नव्हतं. बाकीच्यांपासून मात्र असं बेमालूम लपवलं होतं, की संघातल्या पोरी नणंद-भावजयीच्या प्रेमाचे दाखले देत, आमच्या घरी असं असतं तर काय हवं होतं म्हणून उसासे टाकत. वहिनी हसून मान डोलवायची आणि पोटातलं दुखणं पोटातच ठेवायची.

दोघी देशाच्या फुटबॉल संघात, आणि दोघी गोलकीपर. इथेच सगळी गोम होती. एक आघाडीवर खेळणारी आणि दुसरी बचावाला असती, तर दोघी सुखानं नांदल्या असत्या. पण जाळीपुढे उभं राहायला एकीलाच जागा असते, आणि दुसरीनं कडेच्या बाकावर बसून टाळ्या वाजवायच्या असतात. वहिनी टाळ्या वाजवायची. जरा जास्तच जोरात वाजवायची.

'वहिनी' हे काही तिचं नाव नव्हे. नणंद तिला वहिनी म्हणायची, तिचं ऐकून संघातल्या सगळ्याच म्हणायला लागल्या, आणि शेवटी पन्नाशी गाठलेल्या प्रशिक्षक बाईसुद्धा मैदानावरून "वहिनी, पाय उचल" असं खेकसू लागल्या. नणंदेला घरात बारकी म्हणत. लहानपणी ती होतीच तेवढी. आता टाच उचलून जराशी उडी मारली की तिची बोटं गोलच्या आडव्या दांडीला लागायची, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

वहिनी लग्न होऊन या घरात आली तेव्हा ती देशाची पहिली कीपर होती आणि बारकी शाळेत जात होती. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, दिवसभर कुठल्या ना कुठल्या इमारतीत दोन मजल्यांच्या मधे अडकलेला असायचा. सुट्टीच्या दिवशी वहिनी घरामागच्या बंद गोदामाच्या शटरवर चेंडू मारत बसे. शटरचा धडधड आवाज सगळ्या गल्लीला ऐकू जाई आणि सासूबाईंना लोकांची बोलणी खावी लागत. आवाज होऊ नये म्हणून वहिनीनं एक दिवस बारकीला शटरपुढे उभं केलं. पोरीनं पहिलाच चेंडू असा छातीशी घेतला, की वहिनी खुळावली. अंगठे जवळ कसे आणायचे, कोपरावर न पडता कुशीवर कसं पडायचं, कॉर्नरच्या वेळी कुणाच्या तोंडाकडे बघायचं आणि कुणाच्या पायांकडे, सगळं तिनं हौसेनं शिकवलं. आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय, असं तेव्हा कुणी म्हणालं असतं तर तिनं त्यालाच वेड्यात काढलं असतं.

मग वहिनीला दिवस गेले. बाळंतपण, बाळाची दुखणीखुपणी, सुटलेलं अंग, यात बराच काळ गेला. ती परत आली तेव्हा एक नंबरची जर्सी बारकीच्या पाठीवर होती. बाईंनी उगाच गोड बोलून वेळ काढला नाही. ती चांगली खेळतेय, तोवर तू तयारीत राहा, एवढंच म्हणाल्या. वहिनी तयारीत राहिली ती राहिलीच.

बारकी वाईट असती तर किती बरं झालं असतं! तिच्यात खोट काढायला वहिनीनं जिवाचं रान केलं. पण पोरगी पोटभर जेवायची, डोकं टेकताच झोपायची, आणि कुणी वार्ताहर भेटला की सांगायची, "मला सगळं वहिनीनं शिकवलं." हे तर जखमेवर मीठ होतं, कारण ते ऐकूनही एकाही वार्ताहरानं कधी वहिनीकडे कॅमेरा वळवला नाही.

आणि आता ही पात्रता फेरी आली होती. आशियातल्या बायकांच्या संघांची मोठी स्पर्धा पुढच्या वर्षी व्हायची होती आणि तिथे जाण्यासाठी आधी गटात पहिलं यावं लागे. गटात चार देश, सगळे एकाच शहरात उतरलेले, प्रत्येकाचा प्रत्येकाशी सामना, आणि पुढे जाणार एकच. वहिनीचा देश त्या स्पर्धेला आजवर गेला नव्हता. ती स्वतः याआधी दोन पात्रता फेऱ्या खेळली होती आणि दोन्ही वेळा विमानात शेजारणीला झोप लागल्यावर रडली होती. यापुढची फेरी येईतो तिचे गुडघे थांबणार नव्हते. एकदा, फक्त एकदा, त्या स्पर्धेत गोलात उभं राहायचं, एवढंच तिला हवं होतं.

घोडं पेंड खात होतं ते इथे. संघ पात्र ठरला तर बारकीच्या जिवावर ठरणार, मग तिथेही बारकीच उभी राहणार. संघ हरला तर कुणीच नाही. म्हणजे संघ जिंकायला हवा आणि बारकी पडायला हवी. वहिनीनं हे गणित आंघोळ करताना, जेवताना, बसच्या खिडकीला डोकं टेकून पुन्हापुन्हा मांडून पाहिलं, आणि ते काही केल्या सुटेना.

या संघाकडे कीपरसाठी वेगळा प्रशिक्षक ठेवण्याची ऐपत नव्हती. त्यामुळे सामन्याआधी पहिल्या कीपरचा सराव घ्यायचं काम दुसरीकडे असे. तिसरी एक कीपर होती, पण ती आल्या दिवशीच अंगठा सुजवून बसली होती. सराव घ्यायची एक पद्धत होती. आधी हलके चेंडू, मग जमिनीलगतचे, मग बाजूने उंच आलेले, मग जोरकस फटके. आणि अगदी शेवटी, आत जायची वेळ झाली की थोडे सोपे, थेट छातीवर. त्यांना संघात लाडाचे चेंडू म्हणत. बाईंचा त्यावर फार भरवसा होता. कीपरच्या हातांनी मैदानात जाताना चेंडू पकडल्याचीच आठवण घेऊन जावी, सुटल्याची नव्हे, असं त्या म्हणत. त्या स्वतः कीपर होत्या, त्यांना माहीत होतं.

पहिल्या दोन सामन्यांआधी वहिनीनं बारकीला लाडाचे चेंडू नीट दिले. मनातून चडफडत दिले, पण दिले. दोन्ही सामने जिंकले, बारकीनं एकही गोल होऊ दिला नाही. तिसरा सामना लाल जर्सीवाल्यांशी होता. त्यांनीही दोन जिंकले होते, पण गोलांच्या फरकात मागे होते. वहिनीच्या संघाला नुसती बरोबरीही पुरणार होती.

सामन्याच्या दिवशी दुपारी हॉटेलच्या खोलीत घरून व्हिडिओ कॉल आला. बारकी खाली पायाला पट्टी बांधून घ्यायला गेली होती. नवऱ्यानं पहिला प्रश्न विचारला तो बारकीच्या खांद्याचा, परवा ती पडली होती ना? वहिनीनं सांगितलं, खांदा बरा आहे. मग त्यानं विचारलं, ती घाबरलीय का? वहिनीनं सांगितलं, नाही. मग सासूबाई आल्या आणि म्हणाल्या, तिला सामन्याआधी केळं दे, उपाशीपोटी तिला चक्कर येते. वहिनी हो म्हणाली. आपल्याला काय होतं उपाशीपोटी, हे या घरात कुणाला ठाऊक आहे का, असं तिला विचारावंसं वाटलं.

शेवटी नवऱ्यानं मुलाला कॅमेऱ्यापुढे धरलं. अडीच वर्षांचं पोर. त्याच्या सदऱ्यावर सासूबाईंनी कापडाचा भला मोठा एकचा आकडा शिवला होता.

"कुणाचा नंबर आहे हा? सांग आईला," नवरा कौतुकानं म्हणाला.

"आत्याचा," पोर म्हणालं.

वहिनीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, डोळ्यांतही पाणी आलं. तो आकडा कित्येक वर्षं या पोराच्या आईच्या पाठीवर होता, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. "छान दिसतोय," ती म्हणाली आणि नेटवर्क नाही असं सांगून तिनं फोन बंद केला. नेटवर्क चांगलं होतं.

संध्याकाळी मैदान अर्धंअधिक भरलेलं होतं. सराव सुरू झाला. वहिनी हलके चेंडू देत होती, बारकी घेत होती. जमिनीलगतचे घेतले, उंच घेतले, जोरकस फटके डावीउजवीकडे झेपावून अडवले. खरंच सुरेख खेळत होती पोरगी. हे हात मी घडवले, आणि मीच इथे हमालासारखी चेंडू वाहतेय, असं तिला वाटत होतं. मग बाईंनी लांबून हात वर केला. लाडाचे चेंडू.

पहिला तिनं छातीवर दिला. दुसरा वरच्या कोपऱ्यात मारला.

पाय आपोआप गेला, असं ती पुढे स्वतःला सांगू शकली असती. पण पाय आपोआप जात नाहीत. तिनं जागा पाहिली आणि मग मारला. बारकी दोन्ही हात छातीशी आणून तयार उभी होती, तिला हलताही आलं नाही. चूक झाली असेल असं समजून ती हसली. तिसरा चेंडू तिच्या पुढ्यात टप्पा घेऊन मनगटावर आदळला आणि आत गेला. तिचं हसू गेलं. चौथा तिनं बोटांनी अडवायचा प्रयत्न केला, तो बोटांना लागून आत गेला. बारकीनं जाळीतून तो सावकाश उचलला.

"वहिनी?" ती म्हणाली. एवढंच.

वहिनीनं तिच्याकडे न बघता आणखी एक मारला, तोही आत. मग शिट्टी झाली आणि सगळ्या आत गेल्या. हजारो लोकांनी हे पाहिलं आणि एकालाही काही कळलं नाही. कुणीतरी कीपर सराव करत होती, एवढंच त्यांना दिसलं. त्या अख्ख्या मैदानात हा गुन्हा कळणाऱ्या फक्त दोघी होत्या, आणि एकीनं तो केला होता.

सामना सुरू होऊन थोडाच वेळ झाला असेल, लाल जर्सीवालीनं लांबून एक साधा चेंडू मारला. बारकीनं तो झोपेतही पकडला असता. आज तिनं हात पुढे केले, मागे घेतले, पुन्हा पुढे केले. चेंडू छातीवरून उसळून पुढे पडला आणि दुसऱ्या लाल जर्सीवालीनं तो आत ढकलला.

खोटं कशाला सांगायचं, वहिनीला आधी आनंद झाला. गुदगुल्या व्हाव्यात तसा. मग तिनं गोलामागच्या फलकाकडे पाहिलं, एक-शून्य, आणि असंच राहिलं तर कुणीच जाणार नाही, हे तिला आठवलं. बारकी आता प्रत्येक चेंडूला दचकत होती. झेलायचे चेंडू ती मुठीनं ढकलत होती आणि पुढे यायचं तिथे रेषेवर खिळून राहत होती. एक फटका खांबाला लागून परतला म्हणून वाचली. मध्यंतराची शिट्टी झाली तेव्हा बाई आधीच ड्रेसिंग रूमकडे चालायला लागल्या होत्या.

आत बाईंनी बारकीला थेट विचारलं, "काय झालंय तुला?"

"हात बसत नाहीयेत आज."

"सरावात काही झालं का?"

वहिनी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत होती. आता सांगेल, आता सांगेल, असं तिला वाटत होतं. बारकीच्या जागी ती असती तर तिनं सांगितलंच असतं, तेही मीठमसाला लावून.

"नाही," बारकी म्हणाली. "माझंच लक्ष नव्हतं."

बाईंनी क्षणभर दोघींकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "वहिनी, तू उतर."

कित्येक महिने ज्या तीन शब्दांसाठी तिनं देव पाण्यात घातले होते, ते आले होते. तिला काहीच वाटलं नाही. बारकीनं हातमोजे काढले, बदली खेळाडूंचं पिवळं जाकीट जर्सीवर चढवलं आणि चेंडूंची पिशवी खांद्याला लावली. वहिनीचा सराव आता तिलाच घ्यायचा होता, दुसरं होतंच कोण?

"चल," ती म्हणाली, "वेळ नाहीये."

रिकाम्या मैदानावर दोघीच. वहिनी गोलात उभी राहिली आणि पहिल्यांदा तिला बारकीच्या पायाची भीती वाटली. त्या पायात तिच्या पायाच्या दुप्पट जोर होता. आता ही सगळा हिशेब चुकता करणार, व्याजासकट. करायलाच हवा, मी केला असता. हलके चेंडू आले, जमिनीलगतचे आले, दोन-चार कडक फटके आले, सगळे नियमाप्रमाणे. मग बारकी थांबली, चेंडू पायापुढे नीट ठेवला. वहिनी अंग आवळून, डावीकडे झेपावायच्या तयारीत उभी राहिली.

चेंडू थेट छातीवर आला. इतका सोपा, की तो वहिनीच्या हातांतून निसटला आणि पायाशी पडला. तिचे हात दुसऱ्याच कशाची तरी वाट बघत होते.

बारकीनं दुसरा ठेवला आणि तसाच दिला. वहिनी अजून डावीकडेच झुकलेली होती, पुढचा नक्की कोपऱ्यात येईल या हिशेबानं अर्धी वळलेली. तोही छातीवर. मग आणखी एक, आणखी एक, एका लयीत, एका उंचीवर. बारकीच्या तोंडावर ना राग होता ना माया, गिरणीत पीठ दळणाऱ्याच्या तोंडावर असावी तेवढीच एकाग्रता होती. वहिनीला मान वर करवेना. हळूहळू तिचे हात मात्र ऐकू लागले. चेंडू चिकटू लागला. पंच बाहेर आला तरी बारकीनं शेवटचा एक दिलाच, आणि मगच बाकाकडे गेली.

मध्यंतरानंतर वहिनी अशी खेळली, की तिचं तिलाच नवल वाटलं. कॉर्नरचा चेंडू चौघींच्या डोक्यावरून उचलला. एकटी धावत आलेल्या लाल जर्सीवालीच्या पायात उडी घेतली. पुढे संघातल्या सगळ्यांत बुटक्या पोरीनं कॉर्नरवर हेडर मारून बरोबरी केली, ती पोरगी आयुष्यात पहिल्यांदाच कुणाच्या डोक्यावरून उडाली होती. अगदी शेवटी लाल जर्सीवालीनं जवळून फटका मारला आणि वहिनीनं तो छातीशी घट्ट धरला, जमिनीवर पडली, तरी सोडला नाही. शिट्टी झाली. देश पहिल्यांदाच स्पर्धेला चालला होता.

सगळ्या वहिनीच्या अंगावर पडल्या. बाईंनी तिच्या पाठीत धपाटा घातला, कॅमेरे तिच्याकडे वळले. बारकी बाकावरून धावत आली होती, बुटकीला उचलून नाचत होती, ओरडत होती. वहिनीकडे मात्र आली नाही.

बऱ्याच वेळानं वहिनीला ती आतल्या बेसिनपाशी सापडली, एकटीच. हातमोजे साबणानं धूत होती. वहिनी शेजारी जाऊन उभी राहिली. काय बोलायचं ते तिनं चालताना ठरवलं होतं, ते सगळं विसरली.

"मला तसे का नाही मारलेस?" तिनं विचारलं.

"हरलो असतो ना," बारकी म्हणाली. जणू वहिनीनं काहीतरी बाळबोध विचारलं होतं. "मला जायचंय त्या स्पर्धेला."

"बारके, माझं चुकलं."

"हो, चुकलं."

वहिनीला वाटलं होतं, ती नाही गं म्हणेल, जाऊ दे म्हणेल. ती मोजे पिळत राहिली. मग म्हणाली, "मी आत्ता बाईंशी बोलले."

वहिनीनं बेसिनची कड धरली. "काय सांगितलंस?"

"पुढच्या खेपेला माझ्या सरावाला दुसरं कुणीतरी बघा म्हटलं. वहिनीला त्या कामाला लावू नका."

"कारण विचारलं असेल त्यांनी."

"विचारलं. मी म्हटलं, ती चेंडू वाहणारी नाही, खेळणारी आहे. दोघींना सारखा सराव द्या, आणि त्या दिवशी जी चांगली असेल तिला उभी करा." तिनं मोजे नळावर वाळत टाकले आणि पहिल्यांदाच वहिनीच्या डोळ्यांत पाहिलं. "आणि चांगली मीच असेन. ते आत्ताच सांगून ठेवते."

एवढं बोलून ती बाहेर गेली. बाहेर पुन्हा आरडाओरडा झाला, तिला कुणीतरी नाचात ओढलं असावं.

वहिनी तिथेच राहिली. आजवर तिनं बारकीच्या हातांचा, उंचीचा, वयाचा हेवा केला होता, आणि दर वेळी मनाची समजूत घालायला काहीतरी सापडलं होतं. हात आपणच घडवले, उंची काय उपजतच मिळते, आणि वय कुणाचं राहतं? आज तिला या पोरीच्या सरळपणाचा हेवा वाटत होता. इतका, की छातीत दुखत होतं. आणि या वेळी समजूत घालायला तिच्यापाशी काही म्हणजे काही नव्हतं. दारापाशी पोरी तिला हाका मारत होत्या, खांद्यावर घ्यायला शोधत होत्या. वहिनीनं नळ सोडला आणि स्वच्छ असलेले हात उगाचच धूत राहिली.